शोषक की अवशोषक?

नागपूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: पोलीस जप्त केलेला मोबाइल ज्या पिशवीत ठेवतात, तिला बातमीत 'लहरशोषक पिशवी' म्हटलं होतं. फेराइट (लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेला चुंबकीय पदार्थ) मिसळलेल्या संमिश्र पदार्थांनाही हाच शब्द लावायचा का? आणि 'शोषक' बरोबर की 'अवशोषक'?

पिशवीचं आधी उरकतो. ती शोषक नाही, नाही आणि नाही. तिला फॅरडे पिशवी म्हणतात, आणि तिचं धातूचा मुलामा दिलेलं कापड मोबाइलच्या रेडिओ लहरी मुख्यतः परतवून लावतं. फोनला टॉवर सापडत नाही, त्यामुळे दुरून कुणाला पुरावा पुसता येत नाही. तिला लहररोधक म्हणा.

खरा शोषक वेगळा. रबरात किंवा इपॉक्सी राळेत फेराइटची नाहीतर कार्बोनिल लोहाची, म्हणजे अगदी शुद्ध लोखंडाची, बारीक भुकटी कालवतात. लहर पृष्ठभागावरूनच माघारी फिरली तर उपयोग शून्य. ती आत शिरली पाहिजे. आत चुंबकीय कण तिच्या ऊर्जेची उष्णता करतात. मोबाइल तपासायच्या बंदिस्त पेटीला आतून शोषक अस्तर लावतात ते यासाठीच, म्हणजे भिंतींवर आपटून लहरी आत घुमत राहत नाहीत.

आता शब्दाकडे. मूळ धातू 'शुष्', म्हणजे वाळणे. शोषणे म्हणजे वाळवणे! 'शुष्क'वरून आपलं 'सुकं' आलं, आणि फारसी 'खुश्क' हे त्याचं सख्खं भावंड. खुष्कीचा मार्ग म्हणजे कोरड्या जमिनीवरचा. मे महिन्यात भरदुपारी सीताबर्डीत फिरा, घशाला पडतो तोही हाच शोष. इंग्रजी 'अ‍ॅब्सॉर्ब' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं चोखणं आहे, पण चोखलेलं पोटात तसंच राहतं. वाळण्यात मात्र उष्णता आलीच, आणि लहरीचं नेमकं तेच होतं. माझ्या मते आपला शब्द इंग्रजीहून अचूक आहे.

'शोषक' म्हटलं की सावकार आठवतो, म्हणून 'अवशोषक' वापरा, असं काही परिभाषाकार बजावतात. हे साफ चूक. 'अवशोषण' ही हिंदी परिभाषेतली उचल आहे. नागपुरात हिंदी सतत कानावर पडते म्हणून ती खपून जाते, एवढंच. ग्रामपंचायत सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणते, तिथे कुणाला सावकार दिसतो? 'अव'ने अर्थात तसूभर भर पडत नाही.

आणखी एक. मोबाइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेला 'न्यायवैद्यक' लिहू नका. फोनला वैद्य कशाला? नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेच्या नावातच 'न्यायसहायक' हा नेमका शब्द आहे, तो वापरा.