पावणेबाराचं ताट

एका वाचकाचं पत्र थोडं कापून देतेय, बाकी शब्द त्याचेच.

"ताई, मी ३१ वर्षांचा, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत आहे. पाथर्डी फाट्याला मागच्या वर्षी टू बीएचके घेतला, हप्ता चालू आहे. घरात आई, मी, बायको. बायकोला पाचवा महिना. प्रॉब्लेम असा की आई आणि बायकोचं रोज वाजतं आणि कारण फक्त अन्न. आई मूळची नांदगावकडची, जन्म मे ७३ चा, आजी बहात्तरच्या दुष्काळात पोटुशी असताना पाझर तलावाच्या कामावर जायची हे आई अजून सांगते. त्यामुळे ती काहीच टाकू देत नाही. पलंगात गव्हाच्या तीन गोण्या, डब्यात शिळ्या पोळ्या, फ्रीजमध्ये वाटी वाटी भाजी. मागच्या आठवड्यात बायकोने दोन दिवसांची भाजी टाकली तर आई रात्रभर रडली. माझी सेकंड शिफ्ट असली की मी पावणेबाराला येतो, दोघी थांबलेल्या असतात, मला वाढतात, माझं झालं की मग त्या बसतात, आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे, आणि तिथेच दोघींचं सुरू होतं. मी दिवसभर मशीनवर उभा असतो, घरी शांती नाही. आईला पाच वर्षांपासून शुगर आहे, मलाही कंपनीच्या चेकअपमध्ये बॉर्डरवर निघाली, मी तर बारीक आहे, टेन्शननेच झाली असणार. बायकोचं एचबी (हिमोग्लोबिन) ८.४ आहे, गोळ्या चालू आहेत, बाकी ठीक. मी दोघींच्या मधे पिचून गेलोय. आईला थोडे दिवस मामाकडे पाठवू का? की बायकोला लवकर माहेरी?"

कुणालाच कुठे पाठवू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गव्हाच्या गोण्या, शिळ्या पोळ्या, आईचं रडणं हे सगळं तू सविस्तर लिहिलंयस आणि जे खरं लिहायचं होतं ते एका ओळीत उरकून टाकलंस, "माझं झालं की मग त्या बसतात, आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे". माझं बोट त्याच ओळीवर अडकलंय.

पाच महिन्यांची गरोदर बाई, एचबी ८.४, रात्री पावणेबारापर्यंत उपाशी. शेजारी बावन्न वर्षांची शुगरवाली बाई, तीही उपाशी. मग तू येतोस, हातपाय धुतोस, तुला गरम पोळी वाढली जाते, तुझं जेवण होईपर्यंत अर्धा तास जातो, म्हणजे दोघी सव्वाबाराला बसतात आणि तेव्हा कढईत काय उरलेलं असतं ते तू कधी वाकून बघितलंयस का? आणि शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण लांबलं तर शुगर एकदम खाली येते, हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस उगाच चिडतो. रक्त कमी असलेली बाई चार पायऱ्या चढली तरी धापते, तिचीही चिडचिड होते. अशा दोन बायकांना मध्यरात्री उरलेल्या भाजीसमोर बसवलं तर त्या भांडणार नाहीत तर काय करतील, आणि तू ते ऐकून म्हणतोस मी पिचून गेलोय. तू पिचलेला नाहीस रे, तू त्या घरातला एकटा पोट भरलेला माणूस आहेस. कडक बोलतेय, माहितीय, पण ८.४ च्या पुढे "बाकी ठीक" लिहिणाऱ्याशी मला गोड बोलता येत नाही.

गरोदरपणात एचबी ११ च्या वर पाहिजे. ८.४ म्हणजे मध्यम ॲनिमिया, बाळाचं वजन कमी भरू शकतं, बाळ दिवसांच्या आधी येऊ शकतं आणि बाळंतपणात रक्त गेलं तर ते सोसायला अंगात काही शिल्लक नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं होतं. ह्या सगळ्या काही उपाशी घरातल्या नाहीत, त्यात टू बीएचकेमधल्याही आहेत, फ्रीज भरलेला असलेल्याही आहेत.

आता बहात्तरचं बोलू, कारण तूच काढलंयस. तू ते आईच्या स्वभावाचं कारण म्हणून लिहिलंस, पण ते तुझ्याही अंगात आहे.

तुझी आजी पोटुशी असताना पाझर तलावाच्या कामावर होती. त्या कामांवर बायका पुरुषांच्या बरोबरीने खडी फोडायच्या, माती वाहायच्या, डोक्यावर ऊन, खायला परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, आणि कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे ती. आई मे ७३ ची, म्हणजे आजीचा पाचवा महिना बहात्तर संपता संपता पडला, ऐन दुष्काळात. आणि मुलगी पोटात असते ना, तेव्हा पाचव्या महिन्याच्या सुमारालाच तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची स्त्रीबीजं तिच्या इवल्याशा अंगात तयार झालेली असतात. नीट वाच. ज्या बीजापासून तू झालास ते आईच्या अंगात तेव्हाच होतं, आजीच्या पोटात, खडीच्या ढिगाऱ्यापाशी. तुम्ही तिघंही त्या कामावर होतात.

ह्याचा अभ्यास झालाय बरं का, मी मनाचं सांगत नाहीये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली, माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेलं. त्या महिन्यांत जी बाळं पोटात होती त्यांना पन्नाशीच्या आसपास तपासलं तर त्यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं तपासली. तिथलं बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडचं साडेतीन किलोचं. पण ह्या लहानशा बाळाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास तेवढीच. दिसायला बारीक, आतून चरबीवाला. पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर मेंदू वाचवतं आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्यावर काटकसर करतं, मग मोठेपणी हाताशी पैसा आला, बसून खाणं आलं, की शुगर येऊ शकते. म्हणजे "मी तर बारीक आहे" हे तुझं उत्तर नाहीच, बारीक असून शुगर हीच तर आपल्याकडची गोष्ट आहे. शुगर एकाच कारणाने होत नाही, शिफ्ट, झोप, चहा-वडापाव सगळं त्यात येतं, पण फक्त टेन्शनवर आणि तेही आई-बायकोच्या टेन्शनवर ढकलू नकोस.

त्याच पुण्याच्या अभ्यासात अजून एक सापडलं आणि मी हे आयुष्यात कितीजणींना सांगितलंय त्याला हिशोब नाही. ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं जन्मताना अंगाने मोठी होती. पालेभाजी, फळं, दूध. आता शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात ह्यातलं काय येतं सांग. मेथी शिजून एवढीशी होते, ती पहिल्या दोन वाढण्यांत संपते. दूध चहाला आणि तुझ्या झोपायच्या ग्लासाला जातं. फळ कापलं की आधी तुझ्या पुढ्यात. शेवटच्या ताटात रस्सा, भात आणि शिळी पोळी राहते. नाशिकला राहतो आपण, संध्याकाळी मार्केट यार्डात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांनी गाड्या भरतात आणि रात्रीतून मुंबईला पोचतात, आणि पाथर्डी फाट्यावरच्या पोटुशी बाईपर्यंत मेथी पोचत नाही, कारण मधे एक रीत आडवी आलीय.

माझी आई पंचवटीतल्या एका वाड्यात सात माणसांचा स्वयंपाक करायची. घरात रोज दोन लिटर दूध यायचं. साठीला आली आणि बाथरूमच्या उंबऱ्याला साधी अडखळून पडली तर खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, आजी दूध किती घेता? ती म्हणाली, चहापुरतं. आम्ही तिघं भावंडं पलंगाभोवती उभी होतो, तिघंही ठणठणीत, तिघांच्याही हाताला धरून तिने रोज पेला रिकामा करून घेतलेला. त्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

तू म्हणशील ताई, रीत आजीपासूनची आहे, कमावत्या माणसाला आधी वाढायचं. बरं, मग हिशोब करूया. बहात्तरला तुझी आजी कमावती नव्हती? आजोबांसारखीच खडी फोडत होती, वर पोटात जीव होता आणि जेवत होती शेवटी. म्हणजे रीत तेव्हाही कमावण्याची नव्हतीच. अन्न अर्ध्यांनाच पुरेल एवढं असेल तर कुणाला अर्धपोटी ठेवायचं ते बायकांनी न बोलता ठरवून टाकलं, स्वतःला. टंचाई होती तोवर त्याला निदान एक कारण होतं. आता पलंगात तीन गोण्या गहू आहे ना घरात? मग ताटाचा नंबर का नाही बदलला?

गोण्यांचं एवढंच सांगते, त्या राहू दे. आई त्यावर झोपते म्हणून तिला झोप लागते. गव्हाला पाखरं होऊ नयेत म्हणून ऊन दाखवायचं तेवढं तू सुट्टीच्या दिवशी गच्चीवर घेऊन जा.

आणि शिळी भाजी कुणासाठी ठेवलेली असते, विचारलंस कधी? तुझ्या ताटात शेवटची शिळी पोळी कधी आली होती आठव. तुला आठवणार नाही. ती भाजी आई स्वतःसाठी ठेवते, म्हणजे ताजी तुला आणि सुनेला पुरेल. सुनेने ती टाकली तेव्हा आईला वाटलं हिने माझा घास टाकला, आणि सुनेला वाटत असणार की ही शिळी उद्या माझ्याच पुढ्यात येणार. दोघी एकाच वाटीसाठी भांडतायत आणि दोघींनाही ती वाटी नकोय.

तर तू एकच करायचंस. दोघींनी तुझ्याआधी जेवायचं. रोज. सेकंड शिफ्ट असेल तर रात्री आठ साडेआठला दोघी एकत्र बसतील, ताजं खातील, तुझा डबा काढून ठेवतील आणि तू आल्यावर स्वतः गरम करून घेशील. ताटही तूच धुशील, त्यासाठी कुणाला उठवायचं नाही. आणि फर्स्ट शिफ्टचा आठवडा असेल, तू घरी असशील, तर तू वाढायचंस. हाताने वाढ, मग कळतं भाजी किती केलीय आणि किती उरते. पहिली मेथी बायकोला आणि आईला, तुला जे उरेल ते, आणि उरलं नाही तर उद्यापासून जास्त करायला सांग.

हे आईला तू सांगायचंस, तू स्वतः, बायकोच्या तोंडून नाही. ती बोलली तर सुनेने नवीन खूळ काढलं असं होईल आणि आई पुढचे चार दिवस मुद्दाम दोन वाजता जेवेल. आईपुढे बस आणि सांग, आई, आजी पोटुशी असताना उपाशी होती, तुझ्या-माझ्या शुगरमध्ये त्याचाही वाटा असेल, हे बाळ तसं नको. ती आधी नाही म्हणेल, पुरुषमाणूस कामावरून आलेला असं काहीतरी म्हणेल, डोळ्याला पदर लावेल. तू हलू नकोस. म्हण, तू जेवली नाहीस तर मी पण नाही जेवणार. अरे, पन्नास वर्षं तिला कुणी "आधी तू बस" असं म्हटलेलं नाही, एका रात्रीत बसेल असं धरून चालू नकोस, पाच-सहा रात्री धर. फोन करून विचार, बसलात का दोघी, ताटात काय आहे. कंपनीत आठच्या ब्रेकला तू मोबाईल बघतोसच.

लोहाच्या गोळीचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तरी सांगते, ती चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागते. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर तू जा, रजा टाक, ८.४ बद्दल स्वतः विचार, गोळ्यांनी भागतंय की आणखी काही लागेल ते. आणि स्वतःच्या शुगरचंही तिथेच विचार.

तुमच्याकडे मुलगा येतोय की मुलगी ते आपल्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण मुलगी असेल तर, आत्ता, ह्याच दिवसांत, तुझ्या नातवंडांची बीजं तिच्यात तयार होतायत. नांदगावच्या त्या कामावर जे झालं तेच आत्ता तुझ्या किचनमध्ये चाललंय, फक्त ह्या वेळी दुष्काळ नाहीये, तू आहेस.

आज कोणती शिफ्ट आहे? सेकंड असेल तर आठला फोन कर. महिन्याने रक्त परत तपासतील, तो आकडा मला कळव, आणि आईची शुगर किती ते पण.