आधी केगल बंद कर

अगं, योनीच्या बाहेरच्या भागात दुखतंय म्हणालीस ना, पहिलं म्हणजे हे दुखणं खरं आहे. संसर्ग, त्वचारोग असं कुठलंही कारण सापडत नाही आणि दुखणं ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकतं, तेव्हा त्याला व्हल्वोडायनिया म्हणतात. तपासणी न करता बुरशीची मलमं लावत राहू नकोस. मी लावली, आग वाढली फक्त.

कुणी केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, सुचवले असतील तर तूर्त थांब. आपल्यापैकी अनेकींचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळलेले असतात; त्यांना सैल सोडायला शिकायचं असतं. त्यासाठी या स्नायूंचं काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट शोध. ती पोटातून श्वास घ्यायला शिकवेल, हाताने स्नायू मोकळे करेल, स्नायू किती आवळलेत ते यंत्रावर दाखवणारं बायोफीडबॅक लावेल, पुढे डायलेटर (योनीत हळूहळू घालायच्या, वाढत्या जाडीच्या गुळगुळीत नळ्या) देईल. कॅनडातल्या एका चाचणीत २१२ बायकांपैकी काहींना १० आठवडे अशी फिजिओथेरपी दिली, बाकीच्यांना लिडोकेन हे बधिर करणारं मलम. फिजिओथेरपी सरस ठरली. डायलेटरची घाई मात्र नको. दुखलं की थांबायचं, दात-ओठ खाऊन पुढे जायचं नाही.

मानसोपचाराचं नाव काढलं तेव्हा मी चिडलेच होते. ‘म्हणजे सगळं माझ्या डोक्यात?’ तसं नसतं गं. दुखेल या भीतीनेच स्नायू आवळतात, मग जास्त दुखतं, मग भीती वाढते. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत, हे चक्र तोडायला मदत करते. जोडीदार असेल तर एखाद्या सत्राला त्यालाही ने, आणि काही काळ संभोग बाजूला ठेवून नुसता स्पर्श.

धुवायला साधं पाणी पुरतं.