१ बिघडतो, ३ नीट येतो

प्रश्न : ताई, आमच्या शॉपमध्ये फॅनुक कंट्रोलरची जुनी सीएनसी लेथ आहे. तिचे प्रोग्राम ठेवायला डॉसचा ४८६ पीसी आहे, त्यावर टेलिक्स हा सिरियल केबलने फाइल घेण्या-पाठवण्याचा प्रोग्राम. हार्ड डिस्क बदलून टेलिक्स नव्याने टाकलं, तेव्हापासून मशिनवरून प्रोग्राम पंच केला, म्हणजे पीसीकडे पाठवला, की स्क्रीनवर मधेच चौकोन आणि रेघा येतात. ०, ३, ५, ६, ९ नीट येतात; १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा. केबल बदलली, ऑटोएक्झेकमध्ये पोर्टचं सेटिंग लावणारी मोडची ओळ घातली, फरक नाही. हाच कचरा सेव्ह करून परत पाठवला तर मशिन बिनतक्रार घेतं, पण पीसीवर टाइप केलेला प्रोग्राम पाठवला की ८५ चा अलार्म! नवा पीसी घ्यावा का?
— एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर : नव्या पीसीचा विचार सोडा. कुठले आकडे येतात आणि कुठले नाहीत हे तुम्ही नीट बघून लिहिलंत, त्यातच निदान झालं. असं पत्र आलं की मला फार बरं वाटतं. केबलमध्ये नॉइज असता तर आज १ बिघडला असता, उद्या ३. बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, चुकला असता तर एक ओळही धड वाचता आली नसती. तुमच्याकडे ठरलेले पाचच आकडे बिघडतात, म्हणजे भानगड पॅरिटीची, एकांची संख्या सम की विषम हे तपासायच्या जादा बिटाची.

वहीत मांडून बघा. सीएनसीचा आयएसओ कोड सात बिटांचा. १ चा कोड ०११०००१, त्यात एक तीन वेळा येतो. ३ चा ०११००११, त्यात चार वेळा. कंट्रोलर इव्हन पॅरिटी पाळतो, म्हणजे एकांची बेरीज सम व्हायला हवी. म्हणून १ पाठवताना तो आठवा बिट चढवतो, ३ ला मात्र तो बिट शून्यच राहतो. पंच टेपच्या काळापासूनची ही रीत आहे. आयएसओ टेपवर प्रत्येक ओळीतली छिद्रं सम असायची.

नव्याने टाकलेलं टेलिक्स आठ बिट, पॅरिटी नाही, या सेटिंगवर उघडतं. त्याला तो आठवा बिट अक्षराचाच वाटतो. १ चा कोड ४९. त्यात १२८ मिळवले की १७७. डॉसच्या ४३७ कोड पेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, १७७ म्हणजे ठिपक्यांनी भरलेला चौकोन. तुमच्या १ च्या जागी तोच दिसत असणार. २ च्या जागी त्याहून गडद चौकोन, ४ च्या जागी उभी रेघ आणि तिला डावीकडे फाटा. अक्षरांमध्ये एक्स बिघडत असेल, झेड नाही. ताडून बघा.

आता अलार्मचं कोडं. कचऱ्याच्या फाइलमध्ये पॅरिटीचा बिट अक्षरातच मुरलेला आहे. आठही बिट जसेच्या तसे परत जातात, कंट्रोलरला सगळं सम दिसतं. हाताने टाइप केलेल्या १ ला तो बिट नसतो. मोजल्यावर विषम भरतं आणि ८५ येतो.

टेलिक्समध्ये ऑल्ट-पी दाबा. सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट करा आणि सेव्ह करा. बॉड रेट बरोबरच आहे, त्याला हात लावू नका. मोडची ओळ काढून टाका. टेलिक्स सुरू होताना पोर्ट स्वतःच्या सेटिंगवर नेतं, म्हणून तिचा उपयोग होत नव्हता. एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे मशिनने पीसीला ‘थांब’, ‘चालू कर’ सांगायची सोय, मात्र चालू ठेवा, नाहीतर लांब प्रोग्रामला बफर भरून वाहिल्याचा ८७ चा अलार्म येईल.

आणि कचऱ्याच्या फाइल डिलीट करू नका, एडिटरमध्ये हाताने दुरुस्त करायला तर मुळीच बसू नका. नव्या सेटिंगवर त्याच फाइल मशिनला पाठवा. सात बिटांवर पोर्ट वरचा बिट सोडूनच देतो आणि स्वतःची पॅरिटी लावतो, त्यामुळे प्रोग्राम स्वच्छ पोचतो. मग तिथून परत पंच करून सेव्ह करा. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एका वेळी एकच ओळ, फीड कमी ठेवून चालवा. कुठे एखादा आकडा गळला आणि २५ चा ५ झाला तर टूल सरळ चकवर जाईल, आणि समोर माणूस उभा असतो.

प्रश्न : जुन्या पीसीवरून सिरियल केबलने लिनक्स मशिनवर लॉगइन करतो. स्क्रीन पुसली जाण्याऐवजी डावीकडे तोंड केलेला बाण, चौकोनी कंस, २ आणि जे उमटतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तो बाण म्हणजे एस्केप, कोड २७. पलीकडचं मशिन स्क्रीन पुसायची आज्ञा देतंय आणि तुमचा प्रोग्राम ती अक्षरं म्हणून छापतोय. तुमच्या प्रोग्राममध्ये टर्मिनलचा प्रकार टीटीवाय, म्हणजे अशा आज्ञा न ओळखणारा साधा, असेल तो व्हीटी १०० किंवा व्हीटी १०२ करा. व्हीटी १०० हे १९७८ सालचं टर्मिनल, त्याच्या आज्ञा लिनक्सला आजही पाठ आहेत. लिनक्सकडे टर्म या व्हेरिएबलमध्येही तेच नाव घाला. फक्त पीसीच्या बाजूला बदल केलात तर बाण जातील, पण एडिटर उघडलात की कर्सर भलतीकडे उड्या मारू शकेल.