आत्मविश्वास आला की लिहीन

‘मॅडम, एकदा आत्मविश्वास आला की सुरू करणार.’ बेळगावात समुपदेशन करताना हे वाक्य मी किती तोंडून ऐकलं, मोजलेलं नाही. कुणाला चित्रं काढायची असतात, कुणाला शिवणाचा क्लास काढायचा असतो. आत्मविश्वास म्हणजे जणू खानापूरची बस. ती येईल, मग बसायचं, तोवर स्टँडवर थांबायचं.

तो चौतिशीचा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करणारा. (ओळख पटणारे तपशील बदललेत, लिहायला त्याची परवानगी आहे.) झोप लागत नाही, घरी चिडचिड होते म्हणून बायकोने पाठवलेला. अशा वेळी आधी नैराश्य नाही ना, हे तपासावं लागतं. दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही असं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हेच माझं काम. तसं नव्हतं. तिसऱ्या भेटीत खरं निघालं. हा वहीत कथा लिहायचा. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेला पाठवलेली कथा परत आली ती ‘करायलोय’, ‘जायलोय’ या बेळगावी बोलीतल्या शब्दांखाली लाल रेघा घेऊनच. खाली शेरा: आधी भाषा शुद्ध करा, शेवट लांबला आहे.

‘शाळेत सरांना माझं कानडी पटायचं नाही, आता ह्यांना माझं मराठी पटंना. मग लिवायचं तरी कशात?’

वही तेव्हापासून ट्रंकेत.

मी दोन चुका केल्या. आधी कौतुक केलं, ते त्याने खाली मान घालून ऐकलं. मग मोठ्यांचा दाखला दिला. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व, क्षयामुळे त्यांचं गाणं कित्येक वर्षं बंद होतं, तरी ते पुन्हा गायले. तो म्हणाला, ‘ते कुमार गंधर्व हाईत की मॅडम.’

बरोबर होतं त्याचं. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली मांडलं होतं, की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यांत भक्कम वाट पहिली. आणि मी दोन भेटी धीर देण्यात घालवल्या होत्या!

मग मी त्याच्या कामाबद्दल विचारलं. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, रिजेक्ट झालं तर?

‘ब्लो होल, म्हंजे हवेचं भोक, पडलं असंल तर वाळूत ओल जास्त झाली काय, बघायचं. माल परत भट्टीत.’

‘आणि मोल्डिंग सोडून देतोस?’

तो हसला. पहिल्यांदाच.

कथेचा शेरा आम्ही तसाच पुन्हा वाचला. भाषेबद्दलचं मला अजिबात पटलं नाही. फौंड्रीतली दोन माणसं बोलताना ‘करायलोय’ नाही म्हणणार तर काय म्हणणार? शेवट मात्र खरंच लांबला होता. लाल रेघांच्या गर्दीत त्याला ते दिसलंच नव्हतं.

ठरलं एवढंच: सेकंड शिफ्टला निघण्याआधी वीस मिनिटं, एक पान, आई बोलते त्या भाषेत, कुणाला दाखवायचं नाही. पहिल्या आठवड्यात एकही ओळ नाही. वही उघडली की छातीत धडधडायचं, आणि तो ते ‘आपल्याला जमत नाही’ची खूण समजायचा. नवा साचा पहिल्यांदा ओतताना धडधडत नाही का, विचारलं. ‘धडधडतंय की.’ दुसऱ्या आठवड्यात तीन पानं झाली.

हिवाळ्यात तो येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाला गेला. कडोली, उचगाव, बेळगुंदी, आपल्याकडे गावोगावी ही संमेलनं भरतात. पाहुण्यांच्या भाषणाचं त्याला फारसं आठवत नव्हतं. एका शेतकऱ्याने वाचलेली कविता मात्र त्याने मला जवळजवळ पाठ म्हणून दाखवली, त्यातल्या ‘भिजायलंय’वर जरा थांबून.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. नवी कथाही परत आली होती.

‘मधला भाग ढिला पडलाय मॅडम, मलाच दिसायलंय. दुसरी घेतलीय लिवायला.’ आणि या आठवड्यात नाइट आहे, तेव्हा भेटीला यायला जमणार नाही, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.