धमकीचे पत्र देवापुढे पसरताना

भीती वाटणे म्हणजे विश्वास नसणे, हा समज नव्याने प्रार्थना करू लागलेल्यांनी प्रथम मनातून काढून टाकावा आणि बायबलमधील 2 राजे या पुस्तकातील 18 व 19 हे अध्याय सलग वाचावेत. इ.स.पूर्व 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. 46 तटबंदीची नगरे जिंकल्याचा दावा त्याच्याच कोरीव लेखात आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याने आधी 300 किक्कार (वजनाचे एक जुने माप) चांदी व 30 किक्कार सोने देऊन पाहिले (मंदिराच्या दारांचे सोनेही त्यासाठी काढले, हे लेखकाने लपवलेले नाही), तरी सैन्य हटले नाही.

पुढे सन्हेरीबाचे धमकीचे पत्र आले, तेव्हा हिज्कीयाने ते वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरासमोर पसरले. त्याची प्रार्थना अवघ्या पाच वचनांची आहे. आरंभी तो देवाला आकाश व पृथ्वीचा निर्माणकर्ता म्हणतो, मग अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे खरोखरच उद्ध्वस्त केली आहेत हे मान्य करतो, आणि त्यानंतरच सुटका मागतो. मला यातील मधला भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपण बहुधा तोच गाळतो. डॉक्टरांचा अहवाल असो वा बँकेची नोटीस, कागद समोर ठेवून त्यातील रक्कम, तारीख, आजाराचे नाव स्पष्ट उच्चारावे.

हिज्कीयाने यशया संदेष्ट्याकडेही वडीलजनांना पाठवून प्रार्थनेची विनंती केली होती. तुम्हीही मंडळीतील एखाद्या विश्वासू व्यक्तीला आजच सांगावे. यरुशलेम शहरात पाणी आणणारा बोगदाही त्यानेच खोदवला होता, तेव्हा वकिलाची भेट प्रार्थनेच्या नावाखाली पुढे ढकलू नये.