फौजी नवऱ्याची मुंबईला बदली होतेय. मुलांच्या शाळेच्या फीसाठी सरकार काही देतं का?

तुमचे मिस्टर आर्मीत, ऑक्टोबरमध्ये मुंबईला पोस्टिंग, मुलं तिसरीत आणि सहावीत, आणि इथल्या शाळांच्या फीचे आकडे ऐकून तुमच्या पोटात गोळा आलाय. मी याच रांगेतली. अकरा वर्षांत आमची पाच गावं झाली, सध्या कुलाब्यात क्वार्टर आहे.

सरकार देतं, पण फी नाही, भत्ता देतं. चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स, सगळे सीईए म्हणतात. 1 जानेवारी 2024 पासून मुलामागे महिना 2,812.50 रुपये, म्हणजे वर्षाला 33,750. पहिल्या दोन मुलांसाठी, बारावीपर्यंत. दिव्यांग मूल असेल तर दुप्पट. फी कितीही असो, रक्कम तीच. मूल घरापासून लांब होस्टेलला असेल तर राहण्या-जेवणाच्या खर्चापोटी महिना 8,437.50 पर्यंत वेगळे मिळतात.

मेख अशी की हे पैसे वर्षातून एकदाच आणि वर्ष सरल्यावर मिळतात. ऑक्टोबरमध्ये नव्या शाळेच्या खिडकीवर उभ्या राहाल तेव्हा पैसे आपल्याच खिशातून. आणि वर्षात दोनदा अॅडमिशन घेतली म्हणून भत्ता दोनदा मिळत नाही. आम्ही एकदा हौसेने खाजगी शाळा घेतली. अॅडमिशन फी, टर्म फी, त्यांच्याच दुकानातला ब्लेझर. आठ महिन्यांत बदली आली. तो ब्लेझर अजून कपाटात आहे, पुढच्या गावी घामाघूम उकाडा.

म्हणून माझं मत विचाराल तर केंद्रीय विद्यालय. आठवीपर्यंत ट्यूशन फी नाही. विद्यालय विकास निधीचे महिना 500 आणि तिसरीपासून कॉम्प्युटरचे 100. तुमच्या दोघांचे मिळून वर्षाला 14,400 होतील, भत्ता 67,500. उरलेल्यात व्हॅन, वह्या, बूट सगळं भागतं. खरी बचत तर वेगळीच आहे. गणवेश देशभर एकच, पुस्तकं एनसीईआरटीची. जबलपूरला शिवलेला मुलीचा चौकडीचा शर्ट तिने इथे दुसऱ्या दिवशी घातला. (मराठीचं मात्र बघा. आमची घरी अस्सल साताऱ्याचं बोलते, पण मराठी वाचताना अजून अडखळते.)

मुलं आधीच केंद्रीयमध्ये असतील तर टीसीवर पुढच्या केंद्रीयमध्ये घेतात. बाहेरून येणार असाल तर जागा रिकामी हवी. तिथे गेल्या 7 वर्षांतल्या बदल्या मोजून प्राधान्य ठरतं, तेव्हा युनिटकडून बदल्यांचा दाखला सहीशिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेवा. कुलाब्यातच आर्मी पब्लिक स्कूल आणि नेव्ही चिल्ड्रन स्कूलही आहे, तिथेही चौकशी करा.

आता कागद, कारण क्लेम अडकतो तो इथेच. मुलांची नावं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या अधिकृत नोंदीत, लागलेली हवीत आणि स्पेलिंग शाळेच्या बोनाफाईडवर तंतोतंत तेच हवं. आमच्या धाकट्याच्या नावात ऑर्डरला डबल ई आणि शाळेत आय. क्लेम परत आला, आणि शाळा तेराशे किलोमीटर मागे राहिलेली. क्लार्कने फोनवर शांतपणे सांगितलं, "मॅडम, बच्चा एक ही है ना?" आम्ही वर्षाच्या मध्ये शाळा बदलली तेव्हा दोन्ही शाळांचं बोनाफाईड मागितलं होतं. जुन्या शाळेतून टीसीबरोबरच ते घ्या, फीच्या पावत्या आणि प्रगतिपुस्तकाची झेरॉक्सही.

आणि ही फाईल सामानाच्या ट्रंकेत टाकू नका, पर्समध्ये ठेवा. आमची चौदा नंबरच्या ट्रंकेत होती. आम्ही ट्रेनने पोचलो, सामानाचा ट्रक बारा दिवसांनी.