ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरचा वाकलेला आर्म (बकेट उचलणारा दांडा) सरळ करून टिकतो का, की नवीनच घ्यावा लागतो?

टिकतो. आमचा २०१६ पासून टिकलाय. आणि ज्यांनी तो वाकवला ते आमचे भावोजी दर गणेश चवथीला जेवायला आले की अजून ऐकवतात, 'सरळ केलेलं लोखंड परत वाकतंच.' तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की बकेट खाली घेतली की डावा कोपरा आधी टेकतो, उजवा दोन बोटं वर राहतो, आणि दुकानदार नवीन आर्म घ्या म्हणतो. तो दुसरं काय म्हणणार? आधी सपाट सिमेंटवर ट्रॅक्टर उभा करा आणि टायरांची हवा बघा. पुढच्या नाही, मागच्या. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, ट्रॅक्टरचा कल मागची चाकं ठरवतात. मग सांध्यांच्या पिना काढून त्यांच्याभोवतीचे बुश बघा. ग्रीस न मारता चालवलं असेल तर बुश अंड्यासारखे लांबट झालेले असतात आणि तेवढ्यानेही बकेट कलते. आर्म उचलणाऱ्या एका सिलिंडरचा जोर कमी पडतोय असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तेल दोघांना एकाच व्हॉल्व्हमधून जातं आणि दोन्ही आर्म मधल्या आडव्या पाईपाने बांधलेले असतात. हे सगळं ठीक निघालं तर आर्म वाकलाय, नाहीतर तो पाईप पिळलाय.

आमच्याकडे आर्म होता. गोव्यात वाळपईजवळ आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, त्याच्या वरच्या अंगाला काजूची जुनी झाडं तोडून खुंट काढायचे होते. तिथे मातीखाली हातभरावर चिऱ्याचा खडक. मुळं त्याच्या भेगांत शिरलेली. मी म्हणत होतो, आधी खणून मुळं तोडू. भावोजी म्हणाले, 'पंचेचाळीस एचपीचं इंजिन काय शोभेला घेतलंय?' आणि बकेटचा डावा कोपरा खुंटाखाली घालून लिव्हर ओढला. खुंट हलला नाही. मग तसाच अडकवून ट्रॅक्टर पुढे रेटला. मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं (मागे वजन बांधायलाही मी सांगितलं होतं), काहीतरी कुरकुरलं आणि बकेट तिरकी झाली. खाली उतरून पहिलं वाक्य काय, तर 'माल हलका आहे रे.'

माल हलका नव्हता. लोडर दोन्ही आर्मांनी मिळून उचलायला बनवलेला असतो, एका कोपऱ्याने उपटायला नाही. तुमचाही डावाच कोपरा खाली आहे म्हणता, तेव्हा काय केलंत ते तुम्हाला ठाऊक असेलच.

होंडा गावाकडचा एक मिस्त्री आला. खाणींच्या मशिनरीवर हयात गेलेला माणूस, २०१२ ला खाणी बंद झाल्यावर गेटं आणि ग्रिलं करत बसला होता. बकेट बघून त्याचा चेहरा खुलला. त्याने आधी टेपने दोन्ही आर्मांचं पिन ते पिन अंतर घेतलं, मग आडवे कर्ण. पाऊण इंचाचा फरक. वाकलेला आर्म एका जाड जुन्या लोखंडी चॅनेलला दोन्ही टोकांना साखळीने बांधला आणि मधे वीस टनी जॅक लावला. थंड असताना निम्मं आलं. बाकीच्यासाठी गॅसने तापवायचं, पण त्याने संध्याकाळ होईपर्यंत थांबवलं, कारण उन्हात लोखंडाचा लाल रंग कळत नाही. पिकलेल्या भिरंडासारखा (कोकमाच्या फळासारखा) गडद लाल हवा, त्याच्यापुढे नाही. जॅक सोडल्यावर लोखंड थोडं मागे येतं, म्हणून तेवढं जास्त दाबायचं.

आणि एवढ्यात भावोजी विहिरीवरून कळशी घेऊन धावत आले. कोयत्याला पाणी देतात तसं देतो म्हणे. मिस्त्री केवढ्याने ओरडला, 'उदक घालूं नाका!' पाण्याने लोखंड कडक होतं, तडकायला लागतं, शिवाय भलतीकडे आकसतं. रात्रभर आपोआप निवू दिलं.

दुसऱ्या दिवशी सरळ केलेल्या जागेवर वरून पट्टी वेल्ड करायची. भावोजींचं मत, चौकोनी जाड पट्टी ठोका. मिस्त्रीने शंकरपाळ्यासारखी कापली, म्हणजे वेल्डिंगची रेघ आर्मला सरळ आडवी जात नाही. आडव्या रेघेवरच पुढे तडा जातो. वेल्डिंगचे रॉड ७०१८ नंबरचे, आणि तेही तापवून सुकवलेले. आपल्या हवेत उघडा पडलेला रॉड ओल धरतो. बॅटरीची वायर काढून ठेवली, अर्थचा क्लॅम्प आर्मवरच, वेल्डिंगच्या शेजारी लावला. लांब कुठे लावला तर करंट पिनांतून आणि सिलिंडरातून जातो. मजुरी साडेचार हजार. नवीन आर्मचा आकडा तुम्हाला दुकानदाराने सांगितलाच असेल.

हो, एक राहिलं. सिलिंडरचा रॉड वाकला असेल तर ठोकाठोकी करू नका, क्रोम सुटतं आणि सील फाटत राहतं, तो बदलाच. आर्मला मुख्य पिनेजवळ तडा असेल, किंवा तो जास्त ताकदीच्या पातळ स्टीलचा असेल, तर गॅस लावू नका, त्या स्टीलची ताकदच जाते. मग दुकानदार बरोबर. आणि आर्म वर उचलून खाली शिरायचं तर ठोकळा लावून, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर नाही.

२०१९ च्या चवथीला भावोजींनी सगळ्या पाहुण्यांना अंगणात बोलावलं. 'बघा, वाकला की नाही परत?' बकेट खरंच डावीकडे कलली होती. मी पंप आणला आणि मागच्या डाव्या टायरात हवा भरली. सगळे बघत होते. ताई म्हणाली, 'चला, नेवऱ्या निवतायत.'